आश्रयार्थ्याचें भय आणि न्यायासन

शिबि राजाची कथा आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली आहे. ससाण्याच्या भयानें व्याकूळ झालेलें एक कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडलें. पाठोपाठ ससाणा आला आणि आपलें भक्ष्य मागूं लागला. राजानें शरणागताला परत दिलें नाहीं. तराजूच्या एका पारड्यांत कबूतर ठेविलें व दुसऱ्यांत स्वतःच्या देहाचें मांस कापून घातलें. ही कथा मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. एकदां एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, ससाणा मागून आलाच नसता, तर राजानें कबुतरावर विश्वास ठेविला असता का?" त्या वेळीं मीं हंसून वेळ मारून नेली. परंतु आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, तो विषय त्या मुलाच्या प्रश्नांतूनच निघतो.

कथेंतला ससाणा राजाच्या डोळ्यांसमोर होता. आजच्या आश्रयार्थ्याचा ससाणा हजारों मैल दूर राहिलेला असतो. जाफन्याहून निघालेला एखादा तमिळ तरुण लंडनच्या विमानतळावर उतरतो आणि म्हणतो, "मला परत पाठवाल, तर माझा छळ होईल." समोर बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र वरचें आकाश निरभ्र दिसत असतें. त्या तरुणाच्या भयाचें वजन कोणत्या तराजूनें करावयाचें? अधिकाऱ्यानें तें चुकीचें केलें, तर दाद कोठें मागावयाची? आणि दाद मागितल्यावर न्यायाधीशानें त्यांत कोठवर हात घालावा? या तीन प्रश्नांचा विचार श्रीलंकेंतील तमिळांच्या कांहीं प्रकरणांच्या आधारें आपण करूं.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. 'निर्वासित' हा शब्द आपल्याकडे १९४७ सालच्या फाळणीनंतर घरोघरीं पोंचला. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबें येऊन राहिलीं आणि त्यांतूनच पुढें उल्हासनगर उभें राहिलें. तीं कुटुंबें सर्वस्व गमावून आलीं होतीं हें खरें, परंतु ज्या देशांत तीं आलीं त्या देशानें त्यांना आपलें म्हटलें होतें. आंतरराष्ट्रीय कायद्यांतला निर्वासित याहून वेगळा असतो. तो परक्याच्या दारीं उभा असतो आणि त्याला आपलें म्हणणारें तेथें कोणी नसतें.

या निर्वासिताची व्याख्या जिनीव्हा येथें २८ जुलै १९५१ रोजीं संमत झालेल्या करारांत दिलेली आहे. प्रारंभीं हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वींच्या घटनांपुरताच होता. महायुद्धानें युरोपांत उखडलेलीं माणसें त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं. १९६७ सालच्या पूरक करारानें ही कालमर्यादा काढून टाकली. व्याख्येचा सारांश असा : जी व्यक्ति आपल्या राष्ट्राबाहेर आहे; वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचें सभासदत्व किंवा राजकीय मत यांपैकीं एखाद्या कारणास्तव आपला छळ होईल असें जिला साधार भय वाटतें; आणि त्या भयामुळें जी स्वदेशाच्या संरक्षणाखालीं जाऊं शकत नाहीं किंवा जाऊं इच्छीत नाहीं, ती व्यक्ति निर्वासित होय. कराराच्या ३३ व्या कलमान्वयें अशा व्यक्तीला, जेथें तिच्या जीविताला किंवा स्वातंत्र्याला या कारणांवरून धोका आहे, अशा सरहद्दीकडे परत लोटतां येत नाहीं. फार थोडे अपवाद सोडले, तर हा नियम कराराचा कणाच आहे.

या व्याख्येंत दारिद्र्य नाहीं, दुष्काळ नाहीं, आणि नुसतें युद्धही नाहीं. गांवावर तोफगोळे पडत आहेत एवढ्यानें कोणी कायद्याच्या दृष्टीनें निर्वासित ठरत नाहीं. पांचांपैकीं एखादें कारण असावें लागतें. दुसरी गोष्ट 'साधार भय' या दोन शब्दांची. भय मनांत असतें आणि आधार बाहेरच्या जगांत असतो. या दोन शब्दांच्या मधल्या जागेंतच पुढचा सर्व वाद घडला.

आतां श्रीलंकेकडे वळूं. ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं सिलोन स्वतंत्र झालें, आणि त्याच वर्षाच्या नागरिकत्वाच्या कायद्यानें चहाच्या मळ्यांत राबणारे, मूळचे हिंदुस्थानांतून गेलेले लक्षावधि तमिळ नागरिकत्वाला मुकले. १९५६ सालीं सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविण्यांत आली. १९७० नंतरच्या दशकांत विद्यापीठांतील प्रवेशाचे नियम असे बदलले कीं, तमिळ विद्यार्थ्याला त्याच जागेसाठीं अधिक गुण मिळवावे लागूं लागले. १९७९ सालीं दहशतवाद-प्रतिबंधक कायदा झाला. त्याखालीं माणसाला खटल्यावांचून अठरा महिन्यांपर्यंत अटकेंत ठेवतां येत असे. १९८१ सालीं जाफन्याचें सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यांत आलें आणि सुमारें ९७,००० ग्रंथ व हस्तलिखितें भस्म झालीं. ज्यानें आयुष्य पुस्तकांत घालविलें आहे, त्याला हा आंकडा वाचतांना थांबावेंच लागतें. पुढें जुलै १९८३ मध्यें तेरा सैनिक एका छाप्यांत मारले गेल्याचें निमित्त होऊन कोलंबोंत व इतरत्र तमिळांच्या कत्तली झाल्या आणि यादवी युद्ध पेटलें. तें १८ मे २००९ रोजीं संपलें. या सव्वीस वर्षांत लक्षावधि तमिळ देशोधडीला लागले. कोणी आपल्या तामिळनाडूंत आले; कोणी लंडन, टोरांटो, सिडनी येथवर गेले.

परक्या देशांत गेलेल्या माणसाचा अर्ज सरकारी अधिकाऱ्यानें नाकारला म्हणजे तो न्यायालयाकडे धांवतो. येथें अपील आणि न्यायालयीन पुनर्विलोकन यांतला भेद समजून घेणें अवश्य आहे, कारण शिकलेलीं माणसेंही येथें घोटाळा करतात. मी शाळामास्तर असल्यामुळें परीक्षेचाच दाखला देतों. मुलाला कमी गुण मिळाले असें वाटलें, तर तो फेरतपासणीचा अर्ज करतो. तेव्हां काय पाहिलें जातें? सर्व उत्तरें तपासलीं गेलीं कीं नाहीं, बेरीज बरोबर आहे कीं नाहीं, एकाचे गुण दुसऱ्याच्या नांवावर तर चढले नाहींत ना, एवढेंच. निबंधाला दहांपैकीं पांच गुण दिले ते योग्य कीं अयोग्य, हें फेरतपासणींत पाहिलें जात नाहीं. निबंध पुन्हा वाचून नवे गुण द्यावयाचे, तर तें पुनर्मूल्यांकन झालें. अपील हें बव्हंशीं पुनर्मूल्यांकनासारखें असतें. न्यायालयीन पुनर्विलोकन फेरतपासणीसारखें असतें.

म्हणून पुनर्विलोकन करणारा न्यायाधीश "हा मनुष्य निर्वासित आहे काय?" असें विचारीत नाहीं. तो विचारतो, "हा निर्वासित नाहीं, असें अधिकाऱ्यानें ठरविलें तें कायदेशीर रीतीनें ठरविलें काय?" इंग्लंडांत लॉर्ड डिप्लॉक यांनीं १९८४ सालीं एका प्रसिद्ध निकालांत यासाठीं तीन कसोट्या सांगितल्या. निर्णय देणारानें कायद्याचा अर्थ चुकीचा लावला काय? कोणीही समंजस मनुष्य देणार नाहीं इतका विवेकशून्य निर्णय त्यानें दिला काय? आणि निर्णयाची रीत अन्यायाची होती काय? यांपैकीं एखादा दोष आढळला, तर निर्णय रद्द होतो. परंतु रद्द झाला म्हणजे आश्रय मिळाला असें नव्हे. कागद पुन्हा सरकारकडे जातात आणि सरकार नव्यानें, या वेळीं दोष टाळून, विचार करतें. तो विचार पुन्हा प्रतिकूलही होऊं शकतो.

हें सर्व प्रत्यक्षांत कसें घडतें, तें १९८७ सालच्या लंडनमधील एका खटल्यावरून दिसतें. श्रीलंकेंतून आलेल्या सहा तमिळ तरुणांनीं आश्रय मागितला. त्या वेळचे गृहमंत्री डग्लस हर्ड यांच्या खात्यानें तो नाकारला. सरकारचें म्हणणें असें कीं, उत्तर श्रीलंकेंत सैन्याची बंडखोरांवर कारवाई चालू आहे, तींत निरपराधही भरडले जातात. परंतु केवळ तमिळ म्हणून कोणाचा छळ होतो असें दिसत नाहीं. त्या काळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणें विमानतळावरच नाकारलेल्या आश्रयार्थ्याला देश सोडल्यावरच अपील करतां येई. म्हणजे ज्या देशांत आपला छळ होईल असें तो सांगतो, त्याच देशांत परत जाऊन त्यानें छळाच्या भयाविषयीं अपील करावयाचें! पाण्यांत बुडेन असें म्हणणाऱ्याला "आधीं बुडून दाखव, मग तुझी तक्रार ऐकूं" असें सांगण्यासारखेंच हें होतें. इंग्लंडांत राहून दाद मागण्याची एकच वाट उरली होती, ती पुनर्विलोकनाची.

खटला अपील न्यायालयांत गेला तेव्हां सर जॉन डोनाल्डसन यांनीं एक मार्मिक दाखला दिला. बँकेच्या रोखपालावर एखादा बुरखाधारी पिस्तुल रोखून पैसे मागतो. रोखपालाला वाटणारें भय साधारच म्हणावें लागेल. क्षणभरानें तें पिस्तुल खेळण्यांतलें होतें असें कळलें, म्हणून त्या क्षणींचें भय निराधार ठरत नाहीं. याचा अर्थ असा कीं, साधारण धैर्याच्या माणसाला त्या परिस्थितींत खरोखर भय वाटलें असतें काय, एवढेंच पाहावयाचें. या कसोटीवर सहाही जण त्या न्यायालयांत जिंकले.

सरकार हाऊस ऑफ लॉर्ड्समध्यें गेलें. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-विषयक उच्चायुक्तांच्या वतीनेंही तेथें बाजू मांडण्यांत आली. १६ डिसेंबर १९८७ रोजीं निकाल लागला आणि तो तमिळांच्या विरुद्ध गेला. लॉर्ड कीथ यांनीं सांगितलें कीं, भयाला जगांत प्रत्यक्ष आधार असला पाहिजे. आणि तो आहे कीं नाहीं हें ठरवितांना, अर्जदाराला ठाऊक नसलेलीं परंतु सरकारला ठाऊक असलेलीं तथ्येंही विचारांत घेतां येतात. पिस्तुल खोटें आहे हें ज्याला माहीत आहे, त्यानें रोखपालाच्या भीतीवर निर्णय देण्याचें कारण नाहीं, असा याचा भावार्थ. त्याच निकालानें आश्रयार्थ्याच्या बाजूनेंही एक दार मात्र उघडें ठेविलें. छळ होईल हें निश्चितपणें सिद्ध करावें लागत नाहीं. न होण्यापेक्षां होण्याचा संभव अधिक आहे एवढेंही दाखवावें लागत नाहीं. छळाचा वाजवी प्रमाणांत संभव आहे, एवढें पुरे.

हें माप इतकें हलकें कां ठेविलें? त्याच वर्षाच्या मार्चमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही म्हटलें होतें कीं, दहांत एक एवढा धोका असला तरी भय साधार असूं शकतें. आपल्या घरांतलाच दाखला घ्या. दहा घागरींपैकीं एका घागरींत साप आहे असें कळलें, तर कोणती गृहिणी "नऊ घागरी निर्धोक आहेत" असें म्हणून हात घालील? जेथें चुकीचें फळ मृत्यु किंवा छळ आहे, तेथें थोडा संभवही पुरेसा मानला पाहिजे, हें साधें शहाणपण त्या मापाच्या मुळाशीं आहे.

खटला हरल्यावर सहांपैकीं पांच जणांना फेब्रुवारी १९८८ मध्यें श्रीलंकेला परत पाठविण्यांत आलें. हिंदुस्थान व श्रीलंका यांच्यांतील करार २९ जुलै १९८७ रोजीं झालेला होता, आणि तेथें आतां शांतता येईल अशी आशा होती. परदेशांतूनच करावयाचें तें अपील त्यांच्या वकिलांनीं त्यांच्या वतीनें केलें. मार्च १९८९ मध्यें तें ऐकणाऱ्या अधिकाऱ्यानें ठरविलें कीं, हे पांचही जण निर्वासितच होते आणि त्यांना इंग्लंडांत परत आणावें. पुढें ते परत आलेही. मधल्या काळांत काय घडलें होतें? पांचांपैकीं तिघांनीं, परत गेल्यावर आपणांस मारहाण व छळ सोसावा लागला, असें सांगितलें. म्हणजे अपील ज्यानें ऐकलें त्याला जें दिसलें, तें पुनर्विलोकनाच्या खिडकींतून दिसलें नव्हतें. किंबहुना त्या खिडकीचें तोंड त्या दिशेला नव्हतेंच.

प्रकरण तेथेंही थांबलें नाहीं. पांचही जण स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयांत गेले. ३० ऑक्टोबर १९९१ रोजीं तेथील न्यायाधीशांनीं बहुमतानें इंग्लंडच्या बाजूनें निकाल दिला. परत पाठवितांना जें ठाऊक होतें, त्यावरूनच सरकारचा दोष ठरवावयाचा. छळाची केवळ शक्यता पुरेशी नाहीं. आणि या तरुणांना इतर तमिळांहून वेगळें काढणारें असें कांहीं विशेष चिन्ह त्यांच्या प्रकरणांत नव्हतें, असें त्यांचें म्हणणें. पुनर्विलोकन हा पुरेसा परिणामकारक उपाय आहे, असेंही बहुमतानें ठरलें.

या प्रकरणांत कोणी दुष्ट नव्हतें. न्यायाधीशांनीं कायदा प्रामाणिकपणें लाविला. अधिकाऱ्यांनीं लांच घेतली नव्हती. तरीही ज्यांना भय वाटत होतें, त्यांपैकीं कांहींजण म्हणतात त्याप्रमाणें तें भय खरें झालें. न्यायाच्या पद्धतींत कोणी पाप न करतांही माणसाचा घात होऊं शकतो, आणि म्हणूनच पद्धतीचा विचार भावनेइतकाच महत्त्वाचा आहे. इंग्लंडांत तो विचार झालाही. १९९३ सालच्या कायद्यानें आश्रयार्थ्याला देशांत राहूनच अपील करण्याचा हक्क मिळाला.

पुनर्विलोकनाची खिडकी लहान असली, तरी तिच्यांतून किती बारकाईनें पाहावयाचें, हा प्रश्न उरतोच. याचें उत्तर फेब्रुवारी १९८७ मध्यें लॉर्ड ब्रिज यांनीं एका युगांडाच्या आश्रयार्थ्याचा अंतर्भाव असलेल्या प्रकरणांत दिलें होतें. जगण्याचा हक्क हा सर्व हक्कांचा पाया आहे. ज्या निर्णयामुळें कोणाचा जीव धोक्यांत येऊं शकतो, तो निर्णय न्यायालयानें अत्यंत चिंतापूर्वक तपासला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. फेरतपासणीच असली, तरी जेथें एका गुणावर मुलाचें सारें वर्ष अवलंबून आहे, तेथें बेरीज दोनदां करावी, पान उलटून मागची बाजूही पाहावी, असेंच हें सांगणें. पुढें इंग्लंडांतल्या आश्रयाच्या खटल्यांत हें वचन प्रमाण मानलें जाऊं लागलें.

मागच्या बाजूला काय दडलेलें असतें, तें तमिळांच्याच पुढच्या प्रकरणांवरून कळतें. बहुतेक अर्ज फेटाळले जातात ते कायद्याच्या गहन प्रश्नावर नव्हे. "अर्जदारावर विश्वास बसत नाहीं" या एका वाक्यावर. पहिल्या जबानींत तारीख एक सांगितली, दुसऱ्या जबानींत दुसरी. मध्यें दुभाषा होता. रात्रभर प्रवास झालेला होता. छळाची हकीकत परक्यापुढें सांगावयाची लाज होती. अशा अवस्थेंत आपण स्वतः गेल्या पांच वर्षांतल्या दुःखद घटनांच्या तारखा बिनचूक सांगूं शकूं काय, हें प्रत्येकानें मनाशीं विचारून पाहावें.

२००० सालीं एका तमिळ आश्रयार्थ्याच्या प्रकरणांत इंग्लंडच्या अपील न्यायालयानें पुराव्याविषयीं एक महत्त्वाचा नियम सांगितला. दिवाणी दाव्यांत जी गोष्ट सिद्ध होत नाहीं ती घडलीच नाहीं असें धरून चालतात. आश्रयाच्या प्रकरणांत असें करूं नये. जी गोष्ट निश्चित नाहीं पण शक्य आहे, तिलाही तिच्या वजनाप्रमाणें पारड्यांत जागा द्यावी, आणि शेवटीं सर्वांचें वजन एकत्र करावें. एकेक काडी वेगळी मोडून टाकली तर मोळी कधींच दिसत नाहीं, हें आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे.

१७ जुलै २००८ रोजीं स्ट्रासबर्गच्या न्यायालयानेंही दुसऱ्या एका तमिळाच्या प्रकरणांत असाच विचार केला. प्रत्येक तमिळाला श्रीलंकेंत धोका आहे, असें त्यानें म्हटलें नाहीं. परंतु पूर्वीं झालेली अटक, अंगावरचे व्रण, पोलिसांत असलेली नोंद, लंडनहून परत येणें अशा गोष्टी, एकेकट्या क्षुल्लक असल्या तरी, मिळून खरा धोका निर्माण करतात. म्हणून त्याला परत पाठविणें युरोपीय कराराचा भंग होईल, असा निकाल दिला.

व्रणांचीच गोष्ट निघाली म्हणून २०१९ सालचें एक प्रकरण सांगतों. हें पुनर्विलोकनाचें नसून अपिलाचें होतें. परंतु आपल्या विषयाला लागून आहे. एका तमिळ तरुणाच्या पाठीवर व दंडावर तापलेल्या सळईनें डागल्याचे खोल व्रण होते. बंडखोरांसाठीं सोनें वितळविण्याचें काम केल्याच्या संशयावरून सैन्यानें डागलें, असें तो सांगे. आश्रय मिळावा म्हणून यानें स्वतःच दुसऱ्याकडून हे डाग करवून घेतले असावेत, असें खालच्या न्यायासनाला वाटलें. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरनें, व्रणांचें स्वरूप त्याच्या हकीकतीशीं किती जुळतें, याविषयीं मत दिलें होतें. तें डॉक्टरच्या अधिकाराबाहेरचें आहे असें वरच्या पायरीवर म्हणण्यांत आलें. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें हें सर्व रद्द केलें. लॉर्ड विल्सन यांनीं दाखवून दिलें कीं, असें मत देणें हें डॉक्टरचें कामच आहे. आणि खोटा पुरावा निर्माण करण्यासाठीं कोणी स्वतःला बेशुद्ध करवून तापल्या सळईनें डागून घेईल, ही गोष्ट फार विरळा मानली पाहिजे. प्रकरण नव्यानें ऐकण्यासाठीं परत पाठविण्यांत आलें. शिबीनें मांडीचें मांस दिलें तें पाहणाऱ्यांनीं वंदनीय मानलें. या तरुणानें पाठीचें कातडें दाखविलें, तर पाहणाऱ्यांना तें संशयास्पद वाटलें.

पुनर्विलोकनाचें बळ आणि त्याची मर्यादा एकाच निकालांत पाहावयाची असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाचा ११ नोव्हेंबर २०१० चा निकाल पाहावा. दोन तमिळ नावेनें ख्रिसमस बेटावर आले होते. अशा लोकांचे अर्ज नेहमींच्या कायद्याबाहेर, वेगळ्या पद्धतीनें तपासले जात, आणि तपासणारे आपण कायद्यानें बांधलेले नाहीं असें समजून चालत. न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, हा समज चुकीचा आहे. श्रीलंकेविषयींची जी प्रतिकूल माहिती वापरली, ती अर्जदारांना दाखवून त्यांचें म्हणणें घ्यावयास हवें होतें. तें न घेणें हा अन्याय झाला. परंतु त्यांचा अर्ज विचारांत घेण्याची सक्ति मंत्र्यावर कायद्यानेंच ठेविलेली नसल्यामुळें, न्यायालयाला "अन्याय झाला" असें जाहीर करण्यापलीकडे आज्ञा देतां आली नाहीं. तथापि हें जाहीर करणेंही निष्फळ नव्हतें, कारण त्यामुळें अर्ज तपासण्याची ती पद्धतच सदोष ठरली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणें ऐकली पाहिजे. सरकारें म्हणतात कीं, खोटे अर्ज पुष्कळ येतात. पैसे घेऊन माणसें नेणारे दलाल अर्जदारांना पढवून ठेवतात. प्रत्येक नकारावर न्यायालयांत जातां आलें, तर वर्षानुवर्षें निकालच लागणार नाहीं. आणि देशांत कोणाला घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार लोकांनीं निवडलेल्या सरकारचा आहे, न्यायाधीशांचा नव्हे. यांत तथ्य आहे. सर्वच अर्ज खरे असतात असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. निकाल लांबला तर खऱ्या आश्रयार्थ्याचेंच हाल होतात, हेंही खरें. परंतु दोन चुकांची तुलना करून पाहावी. खोट्याला आश्रय मिळाला, तर देशाचें थोडें नुकसान होतें आणि तें पुढें दुरुस्तही करतां येतें. खऱ्याला परत पाठविलें, तर ती चूक पुष्कळदां कोणालाच दुरुस्त करतां येत नाहीं, आणि बहुधा ती कोणाला कळतही नाहीं. कारण सांगणारा परत येत नाहीं. त्या पांच जणांचें अपील चाललें, म्हणून आपल्याला कळलें. ज्यांचें चाललें नाहीं, त्यांचें काय झालें हें कोणत्याही निकालपत्रांत लिहिलेलें नाहीं.

आपल्या देशाचें काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत आला असेल. भारतानें १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाहीं, आणि निर्वासितांसाठीं आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाहीं. तरीही श्रीलंकेंतील तमिळांना तामिळनाडूनें मोठ्या संख्येनें थारा दिला. आपल्या राज्यघटनेचें २१ वें कलम जीवित व स्वातंत्र्य यांचें संरक्षण देतांना 'नागरिक' हा शब्द वापरीत नाहीं; 'व्यक्ति' हा शब्द वापरतें. याच आधारावर १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अरुणाचल प्रदेशांतील चकमा लोकांच्या जीविताचें रक्षण करण्याची आज्ञा राज्याला दिली. दुसरीकडे मे २०२५ मध्यें शिक्षा भोगून सुटलेल्या एका श्रीलंकी तमिळानें हद्दपारीविरुद्ध दाद मागितली, तेव्हां त्याच न्यायालयानें, भारत ही कांहीं जगाची धर्मशाळा नव्हे आणि येथें स्थायिक होण्याचा हक्क केवळ नागरिकांचा आहे, अशा आशयाचे उद्गार काढून हात घालण्यास नकार दिला. एकच घटना, एकच न्यायालय. परंतु लिखित कायदा नसल्यामुळें त्या दाराशीं उभ्या असलेल्या माणसाला, आज तें दार उघडेल कीं नाहीं, हें आधीं सांगतां येत नाहीं. माझ्या अल्पमतीला असें वाटतें कीं, दार लहान असलें तरी चालेल. पण तें कोठें आहे, हें लिहून ठेविलेलें असावें.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आतां द्यावयास हवें. ससाणा दिसत नसतां राजानें काय करावें? कबुतराच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवावा असें मी म्हणणार नाहीं. पण त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें. पंखावरची जखम पाहावी. ज्या दिशेनें तें आलें त्या दिशेची खरी बातमी काढावी. ती बातमी त्याला सांगून त्याचें उत्तर घ्यावें. आणि मग तराजू हातीं घ्यावा. एवढें करूनही राजा चुकूं शकेल, म्हणून त्याच्या तराजूवर नजर ठेवणारा दुसरा कोणी जवळ असावा. न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे ती दुसऱ्याची नजर होय. ती मांस कापून देत नाहीं, आश्रयही देत नाहीं. तराजूची दांडी कोणी बोटानें दाबीत नाहीं ना, एवढेंच ती पाहते. ज्याला त्या देशांत मत नाहीं, भाषा नाहीं आणि ओळखीचें एकही माणूस नाहीं, त्याच्या दृष्टीनें हें एवढेंही पुष्कळ आहे.